एका क्रियापदाचे दोन वाटे

इंग्रजीत 'क्लीव्ह' नावाचं एक क्रियापद आहे. रोजच्या बोलण्यात ते आता फारसं कुणी वापरत नाही, पण जुनी कविता किंवा जुनं गद्य शिकवायला घेतलं की ते भेटतंच. त्याचा एक अर्थ चिरणं, मधोमध फोडणं, दुभंग करणं. दुसरा अर्थ चिकटून राहणं, धरून राहणं, न सोडणं. स्पेलिंग एक, उच्चार एक आणि अर्थ थेट एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभे.

अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी गेली अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवते. हा शब्द फळ्यावर आला की दरवर्षी वर्गात एकच प्रश्न येतो, "मॅडम, पेपरात कोणता अर्थ लिहायचा?" त्यावर माझं ठरलेलं उत्तर असं, की शब्दाच्या पुढे काय आहे ते बघा. पुढे लाकूड, दगड किंवा कवटी आली तर फोडणं. पुढे 'टू' आलं आणि त्यानंतर माणूस, श्रद्धा किंवा घर आलं, तर चिकटणं. पेपरापुरतं हे उत्तर पुरतं. माझ्या बाबतीत मात्र पुढे वावर आलं, आणि वावर दोन्ही अर्थांना चालतं.

आधी शब्दाचं सांगते. मुळात हे एक क्रियापद नाहीच, दोन आहेत. जुन्या इंग्रजीत फोडण्यासाठी एक क्रियापद होतं आणि चिकटण्यासाठी दुसरं. दोघांची रूपं वेगळी होती, उच्चारही वेगळे होते. पुढच्या काही शतकांत उच्चार घासत घासत एकमेकांजवळ आले आणि शेवटी दोन्ही एकाच सोंगात उभे राहिले. कसायाच्या हातातला जड सुरा 'क्लीव्हर', आणि शेताच्या कडेला उगवून चालणाऱ्याच्या कपड्यांना चिकटणारं एक तण 'क्लीव्हर्स'. आपल्याकडे कुसळं लुगड्याच्या काठाला धरतात, तसंच. गाईच्या दुभंगलेल्या खुराला, जन्मतः फाटलेल्या ओठाला, लसणाच्या सुट्या होणाऱ्या पाकळीला इंग्रजीत जे शब्द आहेत, ते सगळे फोडणाऱ्या क्रियापदाच्या घरातले. चिकटणाऱ्याचं सगळ्यांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे १६११ च्या इंग्रजी बायबलातलं उत्पत्तीचं पुस्तक. पुरुष आईबापाला सोडतो आणि बायकोला 'क्लीव्ह' करतो. मराठी बायबलात तिथं 'जडणे' हे क्रियापद आहे. जीव जडतो, नातं जडतं, रोगसुद्धा जडतो. भाषांतर करणाऱ्यानं नेमका शब्द शोधला.

दुसरा अर्थ मराठीत आणणं त्याहून अवघड जातं, कारण आमच्याकडे कापण्याला एक शब्द नाही. वऱ्हाडात ज्वारी, तूर, सोयाबीन सोंगतात. कणीस खुडतात. कापूस वेचतात. भाजी चिरतात, बकरा कापतात, फांदी तोडतात, संत्र्याची बाग छाटतात, लाकूड फोडतात. या क्रियापदांची अदलाबदल केली तर गावात लोक हसतात. 'तूर कापली' म्हणणारा माणूस शहरातून आला हे लगेच कळतं. या सगळ्यांत 'क्लीव्ह'च्या जवळ जातं ते 'फोडणं'. त्यातही साधं फोडणं नाही. ओंडक्याला पाचर लावली की लाकूड हवं तिथून फुटत नाही, त्याच्या अंगात जी रेघ आधीच आहे तिथूनच फुटतं. 'क्लीव्ह' म्हणजे तसं फोडणं. खनिजांच्या बाबतीतही हाच शब्द येतो. अभ्रकाचे पापुद्रे जसे ठरलेल्या पातळीवरच सुटतात, त्या गुणाला मराठी विश्वकोशात 'पाटन' म्हटलंय. म्हणजे इथं कापणाऱ्याची मर्जी कमी आणि वस्तूचा स्वभाव जास्त.

हे मुलांना समजावताना मी गेली कित्येक वर्षं तुरीचं उदाहरण देते. ते त्यांना घरातलं वाटतं, आणि मलाही.

माझं माहेर अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. काळी, खोल, चिकट जमीन आणि विहिरीला खारं पाणी, म्हणून सगळी मदार पावसावर. कपाशी आणि तूर. तूर सोंगून, झोडपून घरी आली की मायचं खातं सुरू व्हायचं. विकायची ती पोत्यात, घरच्या डाळीची वेगळी. तुरीच्या दाण्याला दोन दळं असतात आणि त्यांच्यावर साल. सालीच्या आणि दळांच्या मध्ये डिंकासारखा एक पातळ थर असतो. मुगाहरभऱ्यापेक्षा तुरीची साल सुटायला जड जाते ती या थरामुळे. माय तुरीला पाणी लावायची, रात्रभर ढीग दाबून ठेवायची, मग तीन-चार दिवस उन्हात वाळवायची आणि नंतरच जात्यावर भरडायला घ्यायची. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये यंत्रानं होतं तेही मुळात हेच. दाण्याला आधी ओरखडे, मग तेलाचा हात, मग मुरवण, मग पाणी आणि ऊन. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी डाळ मिल आज बऱ्याच बचत गटांकडे दिसते. तीही हा क्रम चुकवत नाही.

लहानपणी मला ऊन दाखवण्याचा कंटाळा यायचा. माय म्हणायची, "उन्ह नाही दाखोलं त तूर साल सोडत नाही. अन् घाई केली त डाळ नाही होत, चुनी होते." चुनी म्हणजे डाळीचा चुरा, ढोरांना घालतात तो.

'डाळ' हा शब्दच मुळी फुटण्याचा आहे. संस्कृतात 'दल्' म्हणजे फुटणं, दुभंगणं. त्यातून दल, द्विदल, विदलन. 'दलित' हा शब्दही त्याच धातूतून आलेला. आपण रोज वरणभात खातो म्हणजे व्याकरणाच्या हिशोबानं एक फुटलेली गोष्ट खातो. आणि ती नीट फुटायला कष्ट पडतात, कारण ती आतून घट्ट चिकटलेली असते. इंग्रजीतले दोन उलटे अर्थ एकाच तुरीत बसतात. वर्गात एवढं सांगून मी थांबायचे.

२०१९ साली बाबा गेले. बारा एकर वावर त्यांच्या नावावर होतं, वडिलोपार्जित. वर्षश्राद्ध झालं, मग कोरोनाची दोन वर्षं गेली, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात दादाचा फोन आला. मोठा भाऊ शेगावला नोकरीला, लहाना गावातच, वावर तोच पाहतो. दादा म्हणाला, "बाई, आता सातबाऱ्यावर आमची नावं चढोतो. तुही एक सही लागते. हक्कसोडपत्र. अकोटले येऊन जाजो एक दिवस."

त्याच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. रेशनकार्डावरचं नाव कमी करायला बोलवावं, तसं. मी "येते" म्हणाले नाही, "पाहते" म्हणाले. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण पुढे दोघंही क्षणभर गप्प होतो.

हक्कसोडपत्र हा आपल्याकडे लेकीबाळींच्या ओळखीचा कागद. दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी होते, मुद्रांक नाममात्र लागतो. बहिणीनं सही करायची, भावांनी साडी घ्यायची, त्या दिवशी घरी पुरणपोळी. माझ्या दोन्ही आत्यांनी केली होती. माझ्या चार मावशांनी केली होती. सासरी माझ्या नणंदेनं माझ्या डोळ्यांसमोर केली, आणि तेव्हा पुरण मीच वाटलं होतं.

इथं मराठीतल्या एका क्रियापदाकडे बघावं लागतं. 'वाटणे'. आपण चटणी वाटतो, म्हणजे बारीक करतो. आपण प्रसाद वाटतो, जमीन वाटतो, म्हणजे हिस्से करतो. आणि आपल्याला बरं वाटतं, वाईट वाटतं, परकं वाटतं. दगडी पाट्यावरची क्रिया, तलाठ्याच्या दप्तरातली क्रिया आणि काळजातली क्रिया, तिन्हींना एक रूप. इंग्रजीच्या 'क्लीव्ह'चं मुलांना नवल वाटतं, आणि ते सांगताना ती 'नवल वाटतं' म्हणतात याचं नवल कुणालाच वाटत नाही. वाटणीच्या बाबतीत भावांना काय वाटलं, मायला काय वाटलं, मला काय वाटलं, हे वाक्य मराठीखेरीज कुठल्या भाषेत असं बसेल मला माहीत नाही.

कायदा स्पष्ट होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलीला वाटा दिलाच होता. १९९४ साली महाराष्ट्रानं एक पाऊल पुढे टाकलं आणि मुलीला मुलासारखं जन्मापासून सहदायाद केलं. पण कायदा लागू होण्याआधी जिचं लग्न झालं तिला वगळून. माझं लग्न १९९१ चं. तीन वर्षांनी मी त्या दारातून बाहेर राहिले. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची ती अट गेली. माय धरून आम्ही चौघं. बारा एकरांचे चार वाटे, तीन-तीन एकर.

मी दादाला एवढंच म्हटलं, की सही नाही करणार. माझा वाटा माझ्या नावावर राहू दे. वावर लहान्यानंच करावं.

तो म्हणाला, "म्हणजे तुले वावर पायजे?"

"हो."

"पैशाची अडचण आहे का काही?"

नव्हती. असती तर त्याला समजलं असतं. गरज म्हणून मागितलेली गोष्ट आपल्याकडे भाऊ देतात, वेळ पडली तर कर्ज काढून देतात. हक्क म्हणून मागितलेल्या गोष्टीला मात्र जागा नसते, कारण मागताक्षणी ती नातं फोडते असं धरलेलं असतं. लहाना तर फोनवर बोललाच नाही. त्यानं वहिनीला बोलायला लावलं, आणि वहिनी म्हणाली, "ताई, तुमचं आमचं काय येगयं हाय का? मंग कागदावर काहून येगयं करता?"

तिचा प्रश्न खरा होता. मला तो बरेच दिवस पुरला. आमच्याकडे घर मोडून भाऊ वेगळे राहायला लागले की म्हणतात, 'येगये निघाले'. लेक लग्न होऊन जाते तेव्हा तिला कुणी 'येगयी निघाली' म्हणत नाही. ती 'दिली' असते. म्हणजे भावांच्या मते लाकडात रेघ आधीच होती, १९९१ मध्ये ती फुटली, आता फक्त कागदावर दाखवायची होती. आणि मी म्हणत होते, ती रेघ तिथं नाहीच. उत्पत्तीच्या त्या ओळीत तर आईबापाला सोडतो तो पुरुष. आमच्या पूर्ण पंचक्रोशीत सोडणारी बाई आणि जडणारीही बाईच. माझे भाऊ आईबापाजवळ राहिले, बायको त्यांच्याकडे आली. क्रियापद पूर्ण चालवलं ते मी, आणि व्याकरणाची किंमत म्हणून वावर सोडायचं तेही मीच.

लहान्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्याशिवाय त्याचा राग कळणार नाही. तो वेगळ्या विदर्भाचा कट्टर माणूस. कॉलेजात असताना मोर्चांना जायचा, आजही पारावर विषय निघाला की त्याला सगळं तोंडपाठ. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं. ८ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या एक आठवडा आधी, अकोल्यात करार झाला. १९५३ मध्ये नागपूर करार झाला. राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये विदर्भ वेगळा ठेवायला सांगितलं, तरी १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात टाकलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. "आपल्याले कोणी इचारलं नाही," हे त्याचं पालुपद. "कधी याले चिकटोलं, कधी त्याले. हिस्सा मागितला का म्हणतात घर फोडता."

मी त्याला हे त्याचंच वाक्य ऐकवलं नाही. तेवढी मी मोठी बहीण आहे. पण प्रवासात ते डोक्यात फिरत राहिलं. त्या जूनमध्ये मी अमरावतीहून अकोल्याकडे निघाले, तेव्हा त्याच रस्त्यावर लोणी ते मूर्तिजापूरच्या बाजूला नुकतंच विक्रमाचं डांबरीकरण झालं होतं. ७५ किलोमीटर, १०५ तास ३३ मिनिटांत, गिनीजमध्ये नोंद. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. दोन गावं जोडायला पाच दिवसही लागले नाहीत. अकोल्याला थांबून पुढे अकोटला जाताना मी जिल्ह्याचा विचार करत होते. अकोला जिल्हा एकेकाळी केवढा मोठा होता. १ जुलै १९९८ ला त्यातून वाशीम वेगळा काढला. तेव्हाही लोक हळहळले होते. आज वाशीमचा माणूस बाजाराला, दवाखान्याला अकोल्याला येतोच, आणि स्वतःच्या कलेक्टरकडे वाशीमला जातो. वेगळं निघाल्यानं त्याचं येणं थांबलं नाही. थांबली ती दुसऱ्याच्या दारात ताटकळण्याची गरज.

घरी गेल्यावर पहिला दिवस कुणी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माय ओट्यावर सूप घेऊन बसली होती. वय ऐंशीच्या पुढचं, तरी पाखडणं सोडत नाही. दादा आला, लहाना आला. दादानं कागद काढला. मी म्हटलं, मी सही करणार नाही हे फोनवर सांगितलंय, आणि समोर बसून पुन्हा सांगायला आले, फोनवरचं बोलणं मला कमीपणाचं वाटलं म्हणून.

लहाना म्हणाला, "ताई, तीन एकरात तू काय पेरशील?"

"तू पेरशील. बटईनं कर."

"मंग नाव कायले पायजे?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. वर्गात अर्थ सांगताना शब्दापुढे काय येतं ते बघते, तसं मी समोर बघितलं. अंगणातला कडुनिंब, बाबांची खाट, भिंतीला टेकवलेला वखर. मी म्हटलं, "बाबाचं नाव ज्या कागदावर होतं, त्याच्यावर माझं असावं असं मले वाटते." इतक्या वर्षांनी माझ्या तोंडी 'मला'चं 'मले' झालं होतं.

माय सूप खाली ठेवून म्हणाली, "चार हायेत त चार करा. माह्या भावानं माह्या आंगठा घेतला तवा मले कोणी इचारलं नव्हतं." एवढंच. मग ती पुन्हा पाखडायला लागली. तिच्या अंगठ्याची ती गोष्ट आम्ही तिघांनीही पहिल्यांदा ऐकली.

पुढचं सगळं कागदोपत्री आणि कंटाळवाणं होतं. आपापसात वाटप, महसूल संहितेचं कलम ८५, सरस-निरस बघून हिस्से, मोजणीचा अर्ज, फेरफार. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, त्यामुळे किती लहान तुकडा चालेल याचाही हिशोब असतो. तीन एकर त्यात बसले. विहीर सामाईक राहिली. धुरे ठरवायला मोजणीवाले आले त्या दिवशी मी गेले होते. काळ्या जमिनीत खुणेचे दगड रोवायला लहान्यानंच खड्डे केले. माझ्या वाट्याच्या कोपऱ्यात दगड रोवताना त्यानं तो दोनदा उपटून पुन्हा सरळ केला. बोलला काही नाही.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. दादाच्या मुलीच्या साखरपुड्याला मला आमंत्रण आलं, पण फोन वहिनीचा आला, दादाचा नाही. भाऊबीजेला लहाना आला, दादा दुसऱ्या वर्षी आला. पूर्वी माहेरी गेले की परत निघताना पिशव्या भरलेल्या असायच्या आणि मी नको नको म्हणायचे. आता निघताना एक अवघडलेपणा असतो. कुणी काही द्यावं की नाही, मी काही घ्यावं की नाही, याचा अंदाज दोन्ही बाजूंना येत नाही. लेक म्हणून मिळणारं मोजलं जात नव्हतं. हिस्सेदार म्हणून मिळणारं मोजलं जातं. या दोन्हींची सवय एकदम कशी होणार? तुरीला तीन-चार दिवसांचं ऊन लागतं. आम्हाला काही वर्षं लागतील असा माझा अंदाज आहे.

पण काही गोष्टी सुटत नाहीत, हेही खरं. लहाना आता मला पावसाच्या बातम्या सांगतो. पूर्वी तो फक्त "बरं हाय" म्हणायचा. आता "तुह्या वावरात पाणी साचलं", "तुह्या तुरीले अळी हाय, फवारा मारू का?" असं विचारतो. खर्चाचा निम्मा भाग मी पाठवते. बावीस वर्षं त्याला शेतीत काय परवडतं आणि काय नाही हे मला माहीत नव्हतं. आता पावतीसकट कळतं. एका वर्षी कपाशीनं मार खाल्ला तेव्हा त्याच्या आवाजातली काळजी मला पहिल्यांदा पूर्ण समजली, कारण तीन एकराएवढी ती माझीही होती.

यंदा मार्चमध्ये त्यानं माझ्या वाट्याच्या तुरीचा हिशोब पाठवला. बाजार समितीतल्या विक्रीची पट्टी, वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं. त्यासोबत घरासाठी वीस किलो डाळ, तीही वजन लिहिलेल्या पिशवीत, आणि ती हिशोबात धरलेली. पिशवीच्या खाली आणखी एक लहान गाठोडं निघालं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं. त्यावर काही लिहिलं नव्हतं. मी वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, "ते वाट्यातलं नाही, ताई. मायनं भरडून ठेवली होती. तुमचीच हाय."

मी दोन्ही डाळी एकाच डब्यात ओतल्या.